सामू ५.४, तरी हायड्रेंजिया गुलाबीच

तुमच्या प्रश्नात खरे तर हायड्रेंजियाची तीन झाडे आहेत आणि तिघांचे दुखणे वेगवेगळे आहे. पहिले कुंडीतले. आणले तेव्हा गडद निळे होते, तुम्ही ते कोकोपीट आणि गांडूळखताच्या मिश्रणात हलवले आणि पुढच्या बहराला ते गुलाबी झाले. सामू (पीएच, आम्लतेचे माप; आकडा जितका लहान तितकी आम्लता जास्त) मोजला तर ५.४, म्हणजे सगळीकडे लिहिलेले असते त्याप्रमाणे निळ्यासाठी अगदी योग्य. कॉफीचा चोथा, पातळ केलेले व्हिनेगर, गंजके खिळे, सगळे करून झाले, पण रंग तसूभर हलला नाही. दुसरे झाड भिंतीलगत जमिनीत आहे आणि त्याला एकाच वेळी निळे आणि गुलाबी झुबके येतात. तिसरे पांढरे आहे, आणि तेही निळे करता येईल का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे.

खरी मेख पहिल्या झाडात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

‘आम्ल माती म्हणजे निळी फुले, अल्कधर्मी माती म्हणजे गुलाबी’ हे जे सूत्र सगळ्यांना पाठ असते ते अर्धेच आहे. फुलाला मातीच्या आम्लतेशी थेट काही देणेघेणे नाही. फूल निळे होते ते ॲल्युमिनियममुळे. आम्लतेचे काम एवढेच की ती मातीतले ॲल्युमिनियम पाण्यात विरघळू देते आणि मग मुळे ते उचलू शकतात. नेहमीच्या बागेतल्या मातीत ॲल्युमिनियमचा तुटवडा कधीच नसतो, पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के तेच आहे. त्यामुळे जमिनीतल्या झाडाच्या बाबतीत नुसते सामूबद्दल बोलले तरी काम भागते. पण कोकोपीट म्हणजे निव्वळ नारळाचा भुसा. त्यात चिकणमातीचा कण नाही, म्हणजे ॲल्युमिनियमही जवळजवळ नाही. जिथे ॲल्युमिनियमच नाही तिथे सामू ५.४ असला काय आणि ४.८ असला काय, निळा रंग येणार कुठून? तुमचे मोजमाप चुकलेले नाही, मोजायची गोष्ट दुसरी होती.

मग आणताना ते निळे कसे होते? व्यावसायिक रोपवाटिकेत निळी म्हणून विकायची झाडे बहरात आणताना त्यांना ॲल्युमिनियम सल्फेटचे पाणी पुन्हा पुन्हा पाजलेले असते. तो साठा पानांत, खोडात आणि कुंडीतल्या जुन्या मिश्रणात होता. तुम्ही मिश्रण बदललेत, भरणा थांबला, नवी फुले जवळच्या शिल्लकीवर आली आणि ती शिल्लक पुरली नाही.

फुलात नेमके काय घडते ते थोडे बघू, म्हणजे पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. झुबक्यात आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने निदले, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वर्तुळातली दले आहेत. त्यांच्या वरच्या सालीखालच्या थरातल्या पेशींत डेल्फिनिडिन-३-ग्लुकोसाइड नावाचे अँथोसायनिन गटातले रंगद्रव्य असते. गुलाबी फुलात तेच, जांभळ्यात तेच आणि निळ्यातही तेच. त्याच्या जोडीला क्विनिक आम्लाची काही संयुगे असतात, ती स्वतः रंगहीन असतात. ॲल्युमिनियमचा आयन पोहोचला की तो रंगद्रव्य आणि हे रंगहीन सोबती यांना एकत्र बांधतो आणि त्या बांधणीचा रंग निळा दिसतो. आयन पोहोचला नाही तर तेच रंगद्रव्य गुलाबी-लाल दिसत राहते. काही पेशींना पुरेसे मिळाले आणि काहींना नाही, की दुरून जांभळा.

लिटमस आम्लात लाल होतो हे शाळेत शिकलेल्या बऱ्याच जणांना हायड्रेंजिया उलटा का वागतो हे कोडे पडते. कोडे नाहीच, कारण मातीचा सामू आणि पेशीचा सामू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या कुमी योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका रंगीत पेशीच्या रिक्तिकेतला, म्हणजे पेशीच्या आतल्या रसाच्या पिशवीतला, सामू मोजला. निळ्या पेशीत तो सुमारे ४.१ निघाला, लाल पेशीत सुमारे ३.३. म्हणजे माती आम्ल असताना उमललेली निळी पेशी आतून उलट कमी आम्ल असते. व्हिनेगरचे पाणी घालून आपण फूल ‘आम्ल’ करतो आहोत ही कल्पनाच त्यामुळे निकालात निघते. आणि हे ज्ञान काही कालपरवाचे नाही. तुरटीने आणि ॲल्युमिनियमच्या क्षारांनी हायड्रेंजिया निळा होतो हे हान्स मोलिश या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. बागकामाच्या सल्ल्यांत मात्र अजून कॉफीच चालू आहे.

आता मातीकडे. सामू ५.५ च्या खाली जाऊ लागला की मातीच्या खनिजांत अडकलेले ॲल्युमिनियम विरघळायला लागते. ५.५ ते ६.५ या पट्ट्यात ते अर्धवट मिळते, म्हणून तिथे जांभळे, मळकट, कुठे निळी तर कुठे गुलाबी छटा दिसते. ६.५ च्या वर ते घट्ट अडकून बसते. सामूचे माप दहाच्या पटीत चालते हे विसरू नका. ६.५ वरून ५.५ वर येणे म्हणजे आम्लता दहापट करणे, ‘एका अंकाचा तर फरक’ नव्हे. विरघळलेले ॲल्युमिनियम बहुतेक पिकांच्या मुळांना विषारी असते. हायड्रेंजिया ते सायट्रिक आम्लाशी बांधून बिनधास्त साठवतो, ही त्याची खासियत. पण त्याच कुंडीत किंवा वाफ्यात लावलेल्या दुसऱ्या झाडांना ती सवलत नाही, त्यामुळे तिथे दुसरे काही लावू नका.

कुंडीतल्या झाडासाठी उपाय सोपा आहे: ॲल्युमिनियम द्या. ४ लिटर पाण्यात १५ ग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट, हे चांगले रुजलेल्या, किमान दोनतीन वर्षांच्या झाडासाठी नेहमीचे प्रमाण आहे. ते मिळत नसेल तर साधी तुरटी चालते. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचे दुहेरी सल्फेट. तिच्यात ॲल्युमिनियम वजनाच्या जेमतेम पावणेसहा टक्के असते, तर स्फटिकरूप ॲल्युमिनियम सल्फेटमध्ये आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणून तुरटी वापरायची तर ४ लिटरला २० ते २२ ग्रॅम घ्या. तुरटी म्हणून विकला जाणारा खडा कधी कधी पोटॅशची नसून अमोनियाची तुरटी असतो. त्यानेही काम होते, थोडे नत्र (नायट्रोजन) जास्त जाते इतकेच.

पाजण्याची रीत प्रमाणाइतकीच महत्त्वाची आहे. खडा कुटून थोड्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवायचा, मग त्यात उरलेले पाणी घालायचे. कुंडी आदल्या दिवशी साध्या पाण्याने भिजवून ठेवायची. कोरड्या मुळांवर हे द्रावण कधीही घालू नका, सगळ्यात जास्त झाडे याच एका घाईने जळतात. द्रावण पानांवर न उडवता मिश्रणावर सगळीकडे सारखे ओतायचे आणि तळातून थोडे झिरपू लागले की थांबायचे. नवी पालवी फुटायला लागली की पहिला हप्ता, मग महिन्याच्या अंतराने आणखी दोन. खोडालगत सुकी तुरटी पुरून ठेवणे, किंवा ‘दुप्पट दिले की लवकर निळे होईल’ म्हणून प्रमाण वाढवणे, दोन्ही टाळा. माती ओली असूनही झाड मलूल दिसले किंवा पानांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या तर क्षार जास्त झाले असे समजा, साध्या पाण्याने कुंडी दोनतीनदा चांगली धुऊन काढा आणि त्या बहरापुरते थांबा. पूड हाताळताना डोळ्यांत आणि नाकात जाणार नाही याची काळजी घ्या.

एवढे करूनही रंग आला नाही तर तिसऱ्याच गोष्टीकडे बघावे लागते आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ती म्हणजे स्फुरद (फॉस्फरस). फॉस्फेट आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भेटले की ॲल्युमिनियम फॉस्फेट होऊन दोघेही खाली बसतात आणि मुळांच्या उपयोगाचे राहत नाहीत. तुम्ही एका हाताने तुरटी घालता आणि दुसऱ्या हाताने ‘फुलांसाठी चांगले’ म्हणून हाडांचा चुरा, सुपर फॉस्फेट किंवा डीएपी हे स्फुरदाचे खत घालता, तेव्हा तुरटी वाया जाते. तुमच्या मिश्रणातले गांडूळखतही या दृष्टीने निर्दोष नाही. त्यात स्फुरद बऱ्यापैकी असतो आणि त्याचा सामूही बहुधा उदासीनाच्या जवळ असतो. निळ्यासाठी खत निवडायचे तर नत्र आणि पालाश (पोटॅशियम) भरपूर, स्फुरद कमी. व्यावसायिक उत्पादक निळ्यासाठी २५-५-३० या धाटणीचे आणि गुलाबीसाठी २५-१०-१० या धाटणीचे खत वापरतात, त्यात मधल्या, म्हणजे स्फुरदाच्या आकड्याकडे बघा. नत्र अमोनियम सल्फेटच्या रूपात दिले तर सामू खाली राहायला मदत होते, नायट्रेटच्या रूपात दिले तर तो हळूहळू वर सरकतो.

पुढच्या वेळी कुंडी बदलाल तेव्हा मिश्रणात एक चतुर्थांश तरी खरी माती घाला, चुनखडी नसलेली, शक्यतो तांबडी. तांबड्या आम्ल मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मुबलक असतात, म्हणजे घरचाच साठा तयार होतो आणि तुरटीवर सगळा भार पडत नाही. निचरा बिघडणार नाही एवढे सांभाळा. हायड्रेंजियाला ओल आवडते, चिखल नाही.

आणि पाणी. कुंडीत सामू टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा गुन्हेगार नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात असतो. पाण्याचा सामू बघून काही कळत नाही, बघायची ती त्यातली क्षारता, म्हणजे बायकार्बोनेट. समजा लिटरला २०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता आहे आणि कुंडीला दिवसाला सरासरी १ लिटर पाणी जाते. वर्षभरात तुम्ही त्या एका कुंडीत ७० ग्रॅमहून जास्त चुनखडीइतका अल्कधर्म ओतलात! मग कोकोपीट कितीही आम्ल घ्या. किटलीत पांढरी खपली धरणारे पाणी असेल तर या झाडासाठी पावसाचे पाणी साठवा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा सामू ५.६ च्या आसपास असतो आणि त्यात क्षारता नावालाही नसते. आरओ यंत्रातले शुद्ध पाणीही चालेल. त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात.

खिळे आणि कॉफीचा निकाल इथेच लावू. गंजक्या खिळ्यात लोह असते, ॲल्युमिनियम नसते, आणि लोहाने हायड्रेंजिया निळा होत नाही. कॉफीतले आम्ल आपण कपातून पिऊन टाकलेले असते, चोथा जवळजवळ उदासीन असतो. कंपोस्टमध्ये टाका, तिथे तो उपयोगी आहे. व्हिनेगर आणि लिंबाचा रस ही सेंद्रिय आम्ले, मातीतले जिवाणू ती काही दिवसांत खाऊन संपवतात. एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्याने सामू हलत नाही.

धीर मात्र धरावा लागेल. उमललेल्या फुलाचा रंग तुरटीने बदलत नाही. ॲल्युमिनियम मुळांतून खोडात, खोडातून झुबक्यात पोहोचले पाहिजे, आणि तेही निदले रंग धरण्याआधी. त्यामुळे झुबका मुगाच्या दाण्यांसारखा हिरवा दिसायला लागण्यापूर्वीच पहिले दोन हप्ते झालेले असावेत. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाच्या बहुतेक जाती कळी मागच्या हंगामाच्या फांदीवर धरतात. म्हणून रंगाच्या नादात हिवाळ्याच्या शेवटी झाड बुंध्यापासून छाटून टाकू नका. रंगाचा प्रश्नच उरणार नाही, कारण फूलच येणार नाही. कुंडीत पहिल्या बहराला जांभळे आणि दुसऱ्याला निळे, हा नेहमीचा क्रम आहे. पहिल्याच बहराला जांभळी छटा दिसली तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात, प्रमाण वाढवायची गरज नाही.

दुसरे झाड, भिंतीलगतचे. एका झाडाला दोन रंग यात विपरीत काही नाही. झाडाची मुळे दोन वेगळ्या मातींत पसरली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. भिंतीचा गिलावा, सिमेंट, पायात टाकलेला जुना राडारोडा यांतून चुना वर्षानुवर्षे झिरपत असतो. भिंतीकडची मुळे अल्कधर्मी मातीत आणि मोकळ्या बाजूची आम्ल मातीत, असे झाले की त्या त्या बाजूच्या फांद्यांना त्या त्या हिश्श्याचे ॲल्युमिनियम मिळते. गुलाबी झुबके भिंतीकडच्या फांद्यांवर आहेत का, हे बघा. बहुधा तसेच निघेल.

खात्रीसाठी दोन्ही बाजूंची माती वेगवेगळी तपासा. वरचा पालापाचोळा बाजूला करून १० ते १५ सेंटिमीटर खोलीवरची माती घ्या, प्रत्येक बाजूला चारपाच ठिकाणची एकत्र करा. एक भाग माती आणि अडीच भाग डिस्टिल्ड पाणी असे मिसळून अधूनमधून ढवळत अर्धा तास ठेवा आणि मग त्यात सामू-पट्टी किंवा पेनसारखा डिजिटल मीटर बुडवा. मीटर असेल तर आधी ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणांत तो जुळवून घ्या. मातीत नुसता खुपसायचा तो दोन दांड्यांचा स्वस्त मीटर मला कधीच भरवशाचा वाटला नाही, कोरड्या मातीत तो काहीही सांगतो.

याहून मोलाची चाचणी म्हणजे व्हिनेगरची, आणि या साऱ्या प्रकरणात व्हिनेगरचा खरा उपयोग तोच. सुक्या मातीच्या चमचाभर ढेकळावर व्हिनेगर टाका आणि कानाजवळ धरा. बुडबुडे आले किंवा बारीक चुरचुर ऐकू आली तर मातीत मोकळी चुनखडी आहे. मग पुढचा हिशेब वाचल्याशिवाय गंधकाचे पोते आणू नका.

एक चौरस मीटर जागेत २० सेंटिमीटर खोलीपर्यंत सुमारे २६० किलो माती असते. तिच्यात फक्त १ टक्का चुनखडी धरली तरी ती झाली २.६ किलो. १०० भाग चुनखडी खलास करायला ३२ भाग गंधक लागते, म्हणजे इथे ८०० ग्रॅमहून जास्त. आणि एवढे घालून सामू खाली येत नाही, फक्त तो खाली यायला अडथळा करणारी चुनखडी संपते. ५ टक्के चुनखडी असेल तर हाच आकडा चौरस मीटरला ४ किलोच्या पुढे जातो. तेवढ्या गंधकातून तयार होणारे क्षार झाडालाच मारतील, आणि भिंतीतून चुना येतच राहील तो वेगळा. चुनखडीच्या जमिनीशी झगडण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे निळा हवा असेल तर झाड उचलून कुंडीत किंवा तळ असलेल्या उंच वाफ्यात लावा. नाहीतर गुलाबी फुलांचा आनंद घ्या, त्यांत वाईट काय आहे?

चुरचुर ऐकू आली नाही आणि सामू ६ ते ६.८ च्या दरम्यान निघाला, तर मात्र गंधक हा शहाणपणाचा मार्ग आहे. एका अंकाने सामू उतरवायला हलक्या, रेताड मातीत चौरस मीटरला साधारण ४० ते ५० ग्रॅम आणि मध्यम मातीत ८० ते १०० ग्रॅम गंधकाची पूड लागते. भारी चिकण मातीत त्याहून जास्त, पण तिथे एकदम न घालता दोन हंगामांत विभागून घाला. गंधक स्वतः आम्ल नाही. मातीतले थायोबॅसिलस जातीचे जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि त्यांना ऊब, ओल आणि हवा तिन्ही लागतात. वरच्या थरात हलके मिसळायचे, जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल न होऊ देता, ठेवायची आणि तीनचार महिन्यांनी पुन्हा सामू बघायचा. थंडीत हे काम जवळजवळ थांबते. हायड्रेंजियाची मुळे उथळ असतात, त्यामुळे कुदळ न चालवता हातानेच उकरा.

याच कामासाठी जमिनीत नुसते ॲल्युमिनियम सल्फेट ओतत बसणे परवडत नाही. सामू तेवढाच उतरवायला ते गंधकाच्या सहासात पट लागते. त्याचा उपयोग ॲल्युमिनियम पुरवण्यासाठी, जमिनीचा सामू बदलण्यासाठी नव्हे. म्हणून गंधकाने आधी पाया तयार करा, आणि सामू ५.५ च्या आसपास आल्यावरही रंग फिका वाटला तर वर सांगितल्याप्रमाणे द्रावणाचे हप्ते द्या. जिप्सममध्ये गंधक आहे म्हणून तोही चालेल असे कुणी सांगितले तर ऐकू नका. जिप्सममधले गंधक आधीच सल्फेटच्या रूपात असते, त्यातून आम्ल तयार होत नाही.

भिंतीकडच्या बाजूची पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसत असेल तर तिथे सामू ७ च्या वर गेला आहे आणि झाडाला लोह मिळेनासे झाले आहे. अशा मातीत साधे फेरस सल्फेट लगेच अडकते. ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले लोह द्या, ते अल्कधर्मी मातीतही टिकते. याने पाने हिरवी होतील, फुलांचा रंग बदलणार नाही.

तुम्ही विचारले नाही, पण पुढेमागे दोन रंगांऐवजी एकसारखे स्वच्छ गुलाबी करावे असे वाटले तर उलटा प्रवास जास्त कठीण असतो हे सांगून ठेवतो. ॲल्युमिनियम घालता येते, जमिनीतून काढून घेता येत नाही. फक्त ते अडकवून ठेवता येते. त्यासाठी चुनखडीची पूड किंवा डोलोमाइट, आणि जोडीला स्फुरद जास्त असलेले खत. सामू ६ ते ६.५ च्या दरम्यान ठेवला तर पुरे, ७ च्या वर ढकललात की वर सांगितलेला पिवळेपणा आलाच. भाजलेला, कळीचा चुना वापरू नका, तो मुळे भाजतो. कुंडीत मात्र गुलाबी मिळवणे अगदी सोपे: कोकोपीट घ्या, ॲल्युमिनियम देऊ नका. तुमच्या हातून नकळत नेमके तेच झाले आहे.

रंग किती गडद येईल हे मात्र तुमच्या हातात नाही. मातीने निळा की गुलाबी ते ठरते, गडद की फिका ते जातीवर ठरते, आणि थोडेफार हवेवर. थंड हवेत रंग खोल उतरतो, कडक उन्हात तो विटतो. फिक्या गुलाबी जातीला कितीही ॲल्युमिनियम दिले तरी ती आकाशी निळ्यावर थांबेल. गडद तांबड्या जाती बहुधा जांभळ्यावर थांबतात, त्यांना निळे करायचा हट्ट धरू नका. ‘निको ब्लू’सारखी जात मुळातच ॲल्युमिनियम दिल्यावर छान रंग धरणारी, म्हणून नावात निळा आला. पण अल्कधर्मी मातीत तीही गुलाबीच फुलते.

आता तिसरे, पांढरे झाड. त्याचे उत्तर नाही असेच आहे, पण कारण त्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. झुबका निमुळता, शंकूसारखा असेल तर ते पॅनिक्युलाटा. गोल झुबका आणि पातळ, हृदयाच्या आकाराची पाने असतील तर बहुधा आर्बोरेसेन्स, ‘ॲनाबेल’ त्यातलीच. ओकच्या पानांसारखी कापलेली पाने असतील तर क्वेर्सिफोलिया. रंग बदलण्याचा हा सगळा खेळ मॅक्रोफायला, म्हणजे मोठ्या पानांचा हायड्रेंजिया, आणि तिची जवळची बहीण सेराटा या दोघींपुरताच आहे, बाकीच्यांना तुरटी पाजणे म्हणजे झाडाला विनाकारण क्षार पाजणे. पॅनिक्युलाटाची पांढरी फुले जुनी होताना गुलाबी पडतात ती वयाने आणि थंड रात्रींनी, त्यात मातीचा काही हात नाही.

तुमचे पांढरे झाड मॅक्रोफायला असेल तरीही ते निळे होणार नाही, कारण त्याच्या निदलांत रंगद्रव्यच नसते आणि ॲल्युमिनियमला बांधायला तिथे काही सापडत नाही. मात्र एक गंमत बघा. ‘मादाम एमिल मुइयेर’सारख्या जुन्या पांढऱ्या जातींत प्रत्येक चार निदलांच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढे जे खरे फूल असते, त्यात थोडे रंगद्रव्य असते. आम्ल मातीत तो ठिपका निळा दिसतो, अल्कधर्मी मातीत गुलाबी. तुमच्या झाडावर तो ठिपका दिसत असेल तर त्या कोपऱ्यातल्या मातीचा अंदाज तुम्हाला पट्टी न बुडवताही येईल.